साक्षीदाराचा पंजा

राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत, उद्यानात लग्न लावण्याच्या परवान्यासाठी लागलेल्या संथ रांगेत, माझ्यापुढे ब्रिटा नावाची मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या.

“मॉम, तळ्याकाठी मोजक्याच माणसांना परवानगी आहे.”

“तू, नवरदेव केलन आणि मी. आणखी कोण?”

“फोटोग्राफर, त्याचे मदतनीस, केलनचे मित्र. झाली की संख्या!”

“आणि साक्षीदार?”

“आपला वॅफल! कोलोरॅडोत साक्षीदाराच्या सहीऐवजी कुत्र्याच्या पंजाचा ठसा चालतो.”

“मग मला कशाला सुट्टी घ्यायला लावलीस गं?”

“पायवाटेवर कुत्र्यांना बंदी आहे. ठसा घेतला की गाडीत त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं ना!”

रांग पुढे सरकली. आई जागीच राहिली.

“चल ना, मॉम.”

“त्याच्या पंजाची शाई नीट पुसून दे हं. मी रेशमी ड्रेस घेऊन ठेवलाय.”