मावशी दोनदा वारली

सासू : मग काय सांगणार आहेस तू? सव्वाआठ वाजले की साहेबाचा फोन येईल. घड्याळ लावून फोन करतो मेला.

सून : येऊ दे.

सासू : येऊ दे म्हणे. काय सांगायचं ते ठरव आधी. ताप सांगू नकोस, ताप ह्याच महिन्यात झालाय. कॅलेंडर बघ.

सून : बघायला कशाला हवं, आई? पाठ आहे मला. तीन तारखेला ताप, नऊला दाढ, चौदाला गॅसवाला यायचा होता. दुधाच्या खाड्यांचं कॅलेंडर होतं ते, आता नुसत्या थापा आहेत त्याच्यावर.

सासू : घोळ होऊ नये म्हणून लिहितो ना आपण.

सून : तरी झालाच. मावशी दोनदा वारल्या.

सासू : हळू बोल. आत झोपलाय तो.

सून : एकदा मी मारलं, गेल्या वर्षाच्या शेवटी. एकदा तुम्ही, गेल्या महिन्यात. तुमची सख्खी बहीण. परवा स्वेटरच्या मापावरून तुमच्याशी अर्धा तास भांडत होत्या फोनवर.

सासू : तू मारलेलं मला काय स्वप्न पडणार होतं? कॅलेंडरवर कुठे होतं?

सून : जुन्या कॅलेंडरवर होतं. ते तुम्ही शेजारणीच्या मुलीला वह्यांना कव्हर घालायला देऊन टाकलंत.

सासू : बरं बाई, चुकलं माझं. म्हणून तर म्हणते, आज तू बोल. माझा आवाज ओळखलाय त्याने. तुझा अजून चालेल.

सून : आज मी खोटं बोलणार नाही.

सासू : हे गुरुवारचं शिक्षण. शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात बसायचं आणि परक्या माणसांपुढे माझ्या पोराचे धिंडवडे काढायचे.

सून : तिथे कोणी कोणाचं नावसुद्धा विचारत नाही. बारा-तेरा जण असतो आम्ही, सगळ्यांच्या घरी हेच. एक बेकरीवाले येतात, त्यांचा भाऊ पितो. एक शिक्षिका आहे, तिची मुलगी नशेच्या गोळ्या खाते. गट चालवतात त्या निवृत्त नर्स आहेत. त्यांचा नवरा ह्यातच गेला. पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, तासभर नुसती रडले. कोणी रडू नको म्हणालं नाही. एकाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, बस.

सासू : आणि नर्सबाईंनी सांगितलं, नवऱ्याला वाऱ्यावर सोड.

सून : त्यांनी सांगितलं, दारू तुम्ही लावली नाहीत आणि तुमच्याने ती सुटणारही नाही. पण त्याचं पिणं सोपं करणं तुम्ही थांबवू शकता. आपण काय करतो, आई? तुम्ही उशाशी पाण्याचा तांब्या ठेवता. मी ओकारी पुसते. साहेबाला ताप सांगतो. सकाळी उठून हे बघतात तर सगळं जिथल्या तिथे.

सासू : आईने पोराच्या उशाशी पाणी ठेवायचं नाही? मग मी आई कशाला झाले?

सून : मला विचारू नका. मी अजून झाले नाही. आणि हे असंच चाललं तर ह्या घरात होणारही नाही.

सासू : ...असं बोलू नये गं.

सून : सहा महिने मनात घोळतंय. आज बोलले.

सासू : नोकरी गेली तर काय होईल, कळतंय तुला? कामावर जायचं असतं म्हणून आठवड्यातले चार दिवस तरी तो माणसात असतो. तेवढं गेलं की सातही दिवस पडून राहील.

सून : काल संध्याकाळी हे काय बोलले, ते तुम्ही ऐकलं नाहीत. तुमचा टीव्ही चालू होता.

सासू : काय बोलला?

सून : ते प्रसूतिगृह आहे ना, चार मजली? तिथली लिफ्ट तीन दिवस बंद आहे, ब्रेकचं काम ह्यांच्याकडे. ह्यांनी ब्रेक उघडलाच नाही. मोटरची खोली गच्चीवर, तिथवर जिने चढायला पायात जीव नव्हता. खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून तपासणीचं कार्ड भरलं. ब्रेक तपासला, ठीक आहे. ठोकली सही. हे सांगताना हसत होते, आई. आज नऊ वाजता त्या कार्डाच्या भरवशावर लिफ्ट सुरू होणार.

सासू : खोटं. कामात असं नाही करायचा तो. त्याच्या बापाने त्याला बारा वर्षांचा असल्यापासून हातात पाना देऊन शिकवलंय.

सून : कार्डाची दुसरी प्रत त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. ही बघा. ह्यावरचं अक्षर बघा.

सासू : ...हे काय अक्षर आहे त्याचं?

सून : कालचं आहे.

सासू : मग कालच का नाही सांगितलंस साहेबाला?

सून : तीनदा लावला, फोन बंद होता. आज सकाळी परत लावला, तेच. आणि खरं सांगू? तिसऱ्यांदा बंद लागला तेव्हा मला हायसं वाटलं. सहा गुरुवार जाऊनसुद्धा. तेव्हापासून माझी मलाच शरम वाटतेय.

सासू : लिफ्टचं सांग. सांगायलाच हवं. पण दारूचं नको काढूस. सांग, अंगात ताप होता म्हणून राहून गेलं.

सून : म्हणजे ताप उतरला की हे पुन्हा दुसऱ्या लिफ्टवर.

(फोन वाजतो. दोघी हात पुढे करतात, सासूचा आधी पोचतो. सून स्पीकर चालू करते.)

सासू : हॅलो. मी आई बोलतेय त्याची.

साहेब : नमस्कार काकू. कुठे आहे हा? गाडी कोपऱ्यावर उभी आहे, दोन माणसं खोळंबलीत.

सासू : तो... तो आज नाही येऊ शकत. मावशीकडे गेलाय. तिची तब्येत एकदम...

साहेब : कुठली मावशी?

सासू : माझी बहीण.

साहेब : काकू, मावशींचं मला दोनदा वाईट वाटून झालंय. दुसऱ्या वेळी तर आम्ही ऑफिसात मिनिटभर उभेही राहिलो.

सून : द्या आई, मी बोलते.

सासू : थांब तू. साहेब, मला एकच बहीण आहे आणि ती ठणठणीत आहे. माझा मुलगा आतल्या खोलीत पडलाय, दारू पिऊन. ताप नव्हता, दाढ नव्हती. सगळ्या थापा होत्या, निम्म्या माझ्या, निम्म्या सुनेच्या.

साहेब : मला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही, काकू. हात चांगला आहे त्याचा, म्हणून चालवून घेतलं.

सासू : हात राहिला नाही चांगला. ती प्रसूतिगृहाची लिफ्ट सुरू करू नका. ब्रेक त्याने तपासलेला नाही. खाली बसून कार्ड भरलंय.

साहेब : काय बोलताय? कार्ड माझ्यासमोर आहे. त्याच्याखाली माझी सही आहे.

सासू : मग तुम्हीही वर न जाताच केलीत.

साहेब : ...हे बघा काकू. हे कागदावर आलं तर तो कामावरून जाईल. मलाही जाब द्यावा लागेल. त्यापेक्षा मी आत्ता गुपचूप एक माणूस पाठवतो, ब्रेक बघून घेतो. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही.

सासू : तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. लोकांनी गुपचूप मिटवलेलं पुष्कळ कानांवरून गेलंय. माणूस आत्ताच पाठवा, पण गुपचूप नको. कागदावर लिहा. कोणी सांगितलं विचारलं, तर आईने सांगितलं म्हणून लिहा.

साहेब : शुद्धीवर आला की तुम्हालाच शिव्या घालेल तो.

सासू : घालू दे. माझे कान शाबूत आहेत.

सून : साहेब, मी बोलतेय. एक विनंती होती. हे उपचाराला गेले तर...

सासू : विनंती कसली करतेस? सरळ विचार.

सून : उपचाराला गेले तर जागा ठेवता का, ते वरच्यांना विचारा. आमच्या गटातल्या नर्सबाई येऊन बोलतील. आणखी दोघांच्या कामावर जाऊन बोलल्यात त्या. दवाखान्यात खाट मिळवायचंही बघतात.

साहेब : पाठवा त्यांना. शब्द देत नाही मी. आधी लिफ्ट बंद ठेवायला सांगतो. ठेवतो फोन.

सासू : ठेवला त्याने.

सून : बसा आधी.

सासू : पोटच्या पोराची नोकरी घालवली गं मी.

सून : मी बोलले असते तरी हेच सांगितलं असतं.

सासू : तू सांगितलं असतंस तर मी तुला जन्मभर बोलत राहिले असते. मला माहितेय मी कशी आहे. म्हणून तर घेतला फोन.

सून : ...आई.

सासू : आता रडू नकोस, कामावर जायचंय तुला. किती वाजता असतं ते गुरुवारचं?

सून : सहाला. पण बाक लहान मुलांचे आहेत. गुडघे आपटतात.

सासू : मी खुर्ची मागून घेईन. आणि माझ्या पोराबद्दल कोणी वाकडं बोललं तर ऐकून घेणार नाही, आधीच सांगते.

सून : कोणी बोलत नाही.

सासू : मग बरं.

सून : आई, हाक ऐकलीत? जागे झालेत. पाणी मागताहेत.

सासू : ऐकली. आज तांब्या ठेवायचा राहिला.

सून : मी देऊ का?

सासू : बस तू. बाळा, पाणी इथे आहे. उठून ये.