वैद्यावरचा अन्याय

दवाखान्यात माझ्या शेजारी दोन कर्ते भाऊ मोबाइलवर पत्ते खेळत होते. आमच्या पत्त्यांत राजा-राणी असायचे. यांच्यात योद्धे आणि वैद्य होते.

“दादा, नव्या अपडेटमध्ये वैद्याची ताकद निम्मी केली! शुद्ध अन्याय आहे.”

“मग योद्धा घे.”

“सगळेच योद्धे झाले तर जखमींकडे बघणार कोण? राबायचं वैद्यानं आणि नाव योद्ध्याचं! मी कंपनीकडे तक्रार केलीये.”

“शाब्बास!”

तेवढ्यात त्यांची बहीण डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली.

“बाबांजवळ महिनाभर कुणीतरी राहायला हवं. मागच्या वेळी मीच राहिले होते. आता रजा मागितली तर माझी नोकरी जाईल रे.”

“ताई, तुझ्यासारखं आम्हाला जमतं का? आणि जरा हळू बोल ना, डाव चाललाय.”