दाजींचा भंडारा

आमच्या दाजींना बैलगाडा शर्यतीचा लई नाद, राव. परवा लेकीची, श्रावणीची, चिअरलीडिंगची स्पर्धा व्हती, तर हे पिंपरी पेंढारच्या शर्यतीतून थेट तिथं आले, खिशात बैलांवर उधळायचा भंडारा तसाच.

श्रावणी दोन टीममधी खेळत व्हती. पहिल्या टीमनं तिला वर उडवून अलगद झेललं, तसा दाजींनी मूठभर भंडारा उधळला. पोरगी पिवळीधमक! अन् लगेच दुसऱ्या टीमची पाळी.

"पप्पा, सगळ्या सारख्या दिसलो न्हाई तर मार्क जातील!" ती रडकुंडीला आली.

तेवढ्यात दुसऱ्या टीमची कॅप्टन दाजींपुढं डोकं वाकवून उभी. "काका, उरलाय का?"

अख्खी टीम पिवळी झाली अन् पहिली आली.

दाजी छाती फुगवून म्हणाले, "आमचा बैलबी एकाच दिवशी दोन गाड्यांना जुंपला तरी असाच पळतो!"

श्रावणी म्हणाली, "मग त्याच्यावाणी दूध-अंड्यांचा खुराक मलाबी चालू करा की!"