झोपाळ्याची फळी

गडमुडशिंगीच्या बसमध्ये मांडीवरचं बाळ नुकतं कुठं झोपलं होतं. त्यामुळं मागच्या बाकावर एका आजोबांचा आणि आजीचा आवाज चढला, तसा निशानं बाळाच्या कानावर हात ठेवला. दोघं लाकडाच्या वखारीतून घरी निघाले होते.

“फणस कालच तोडलाय. ओंडका ताजा हाय. त्येच्या तोंडावर लाइट मारून वखारीतल्या त्या पोरीला आतलं काय कळतंय, शिवम्मा?”

“बुंध्याकडं कंप्युटरवर लाल दिसलं न्हवं? झाड उतारावर वाकडं वाढलं, समदा ताण तिथंच धरून बसलंय. करवत लागली की ताण सुटणार आन् फळी टराटरा फाटणार, म्हनली.”

“मी बुक्की मारून बघितलं की! खणखणीत वाजतंय.”

“बुक्की मारून कलिंगड बघत्यात, अवं.”

“बुंधा छाटला तर फळी आखूड हुईल. मला झोपाळ्यावर पाय लांब करून पडायचं हाय.”

“आन् मी कुठं बसायचं?”

“तुला खुर्ची हाय की.”

“फळी फाटली तर तुमीबी खुर्चीतच बसणार.”

मागचा आवाज खाली आला. निशानं बाळाच्या कानावरचा हात हळूच काढला आणि नकळत स्वतःचाच कान मागं लावला.

“छाटून दोघांपुरती तरी फळी निघंल न्हवं?”

“निघंल. जरा चिकटून बसावं लागंल.”

“बरं. लाव वखारीत फोन. छाट म्हणावं.”

“तुमी त्या पोरीसंगं भांडत हुतासा, तवाच मी सांगून टाकलंय की.”