तपासणीची बाटली

चहाचं पाणी नीट उकळलंय ना? हसू नका, आधी ऐका. विंझरच्या पुढं आमचं गाव, आणि नळाच्या लाइनीत आमची वस्ती शेवटची. वरच्या आळीला स्वच्छ पाणी, आम्हाला उरलंसुरलं गढूळ. लेकरांना जुलाब लागले, तशी मी गावची आशाताई म्हणून भांडून तालुक्याहून, वेल्ह्याहून पाणी तपासणीची बाटली मागवली. पाणी सोडणारे तात्या म्हणाले, "दे हिकडं, म्या भरून धाडतो."

रिपोर्ट आला, 'पिण्यास योग्य'. मी दारोदार जाऊन वाचून दाखवला. "आता उकळायची गरज न्हाई!"

आठ दिवसांत पुन्हा चार लेकरं आजारी. मी तात्यांना गाठलं. "तात्या, बाटली वस्तीतल्याच नळाची भरली होती ना?"

"छ्या! वेल्ह्याच्या सायबापुढं असलं घाण पानी ठिवायचं व्हय? गावाची अब्रू हाय. माज्या घरच्या फिल्टरचं भरलं."

मी पळतच वस्तीत आले. पहिल्याच दारात शांताआजी नातीला पाणी पाजत होत्या.

"आजी, थांबा! उकळलंय का ते?"

"न्हाई गं," आजी कौतुकानं म्हणाल्या, "तूच वाचून दाखवलंस की."