पंचफुलाबाईंचा सत्कार

...अन् शाल बी मलेच घाला लागली! माह्याच कादंबऱ्याइची, माह्याच हातानं, माह्याच बायकोले! आता बोलू कोणाले?

तुमाले सांगतो, बाहीर कोणाले सांगू नका बरं... मी दौलतराव, रिसोडचा. नाव आयकलं असन. शाळेच्या पुस्तकात माहा धडा हाय, सदाचारावर. पोट्टे वीस वर्षांपासून पाठ करून राह्यले, अन् मी दिसलो का रस्ता बदलून राह्यले! मोठा लेखक! शाली इतक्या भेटल्या का कपाटाचं दार लागत नाई, पण वाचलं कोणं? कुत्र्यानं बी नाई! म्हणून म्हटलं, मरायच्या आंधी एकदा तरी लोकं वाचतीन असं लिवू. खून! सोयाबीनच्या पोत्यात मुडदा! पण सदाचारवाल्याच्या नावावर मुडदा कसा खपवावा? टोपणनाव पायजे.

तिथंच अक्कल शेण खाले गेली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘राधिका’ लिहून मीच बायकोचं नाव बदललं व्हतं. माहेरचं नाव पंचफुला. चाळीस वर्षांपासून ते रिकामंच पडलं व्हतं न! म्हटलं, घरचंच हाय, माहेरच्या आडनावासकट वापरू, कोणाच्या ध्यानात हाय?

कोणाच्या? अख्ख्या धनजच्या, तिच्या माहेरच्या गावाच्या! अरे, नाव सासरी बदलते, माहेरात थोडीच बदलते!

कादंबऱ्या निघाल्या, धडाधड खपल्या बी, अन् कारंज्याच्या स्टँडवर माह्या साळ्यानं, शालिकरामनं, त्या नावाचं पुस्तक पाह्यलं. आला दोन जीपा भरून. "जवाईबुवा, आमची पंचफुली एवढी मोठी लेखिका, अन् तुमी सांगतलं बी नाई? जळता काय तिच्यावर?" मी बायकोकडं पाह्यलं, डोळ्यानंच हात जोडले... सांभाळ माय, नाईतर सदाचार पाण्यात!

सांभाळलं तिनं! असं सांभाळलं का बोलू कोणाले?

धनजले मांडव, सत्कार तिचा, अध्यक्ष मी. लोकं माईकवर माही वाक्यं तोंडपाठ म्हणून राह्यले! रामीबाई, सत्तरीची म्हातारी, पदरानं डोळे पुसत म्हणे, "पंचफुले, त्या बिचाऱ्या रखवालदाराले काहून मारलं वं? दोन दिवस घास उतरला नाई माह्या गळ्याखाली!" तुमाले सांगतो, त्या रखवालदारासाठी लिवताना मी सोता रडलो व्हतो. साऱ्या जिंदगीत हेच आयकाले कान आसुसले व्हते... अन् आयकलं तवा दुसऱ्याच्या नावानं! लय लागलं जिवाले. पण आपलेच दात, आपलेच ओठ.

मंग कोणीतरी इचारलं, "बाई, एवढे खून सुचतात कसे?" राधिकानं... माफ करा, पंचफुलाबाईनं माईक धरला, माह्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "चाळीस वर्षं याइच्यासंगं संसार केला न... सुचतेच!" मांडव हासून हासून पडाले आला. मी बी हासलो. अध्यक्ष न मी!

घरी आल्यावर चष्मा लावून माही नवी वही चाळली तिनं. "याच्यात नवऱ्याले मारा. मोठा लेखक असते तो."

"काहून वं?"

"रखवालदाराच्या बदल्यात मी रामीबाईले शब्द देल्ला."

शब्द देल्ला म्हणे! मले इचारलं बी नाई!

लिवून राह्यलो न, करता काय... आज सकाळीच पयल्या प्रकरणात मेलो. अन् खरं सांगू? इतकं झकास आजवर जमलं नव्हतं. रामीबाई खूश होईन, बायको खूश होईन, पण मेलेल्या माणसानं बोलावं कोणाले?