कावळा आणि धाकटी जाऊ

कावळा माणूस ओळखत नाही, असं मला तरी सांगू नका! उन्हाळ्यात सोनगीरला गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या होत्या, तेव्हा एका कावळ्याला मी काठीने हाकललं होतं. मेल्याने डूख धरला. पितृपक्षात सासऱ्यांचा घास मी ठेवला, तर शिवेना. धाकट्या जावेने ठेवला, लगेच उचलला! घरभर तिचं कौतुक. माझा नुसता जळफळाट.

सर्वपित्रीला मी जावेचीच साडी नेसले, पदर नाकापर्यंत ओढला आणि घास ठेवला. कावळा आला, पोटभर जेवला!

तेवढ्यात सासूबाईंनी मागून पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, “धाकले, तुनाच हातले यश शे. मोठीले सांगू नको, जळी जाई ती!”